शून्य बिलाचा धाक

धोटा (वडगाव, बेळगाव), धागाकर्ता

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचतोय. आज लिहायला बसलो कारण घरात इंडक्शन शेगडीवरून अबोला चाललाय.

गेल्या महिन्यात सिलिंडर संपला आणि नवा यायला चार दिवस लागले. शेजाऱ्यांकडं मागायचा संकोच, म्हणून खडेबाजारात जाऊन शेगडी घेऊन आलो. पहिल्या दिवशी आईनं कौतुकानं त्यावर चहा केला, भात केला, संध्याकाळी आमटीही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती चष्मा लावून मीटरसमोर उभी. रोज सकाळी ती मीटरचा आकडा कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहिते, एकादशी-संकष्टीच्या शेजारी. एरवी आकडा दिवसाला अडीचनं सरकतो, त्या दिवशी चारनं सरकला होता. शेगडी परत खोक्यात, खोकं माळ्यावर, आणि माळ्याची शिडी शेजारच्या काकूंच्या परसात.

सीमेपलीकडच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्याकडं कर्नाटकात २०२३ च्या जुलैपासून गृहज्योती ही घरगुती फुकट विजेची योजना आहे. सगळे म्हणतात "२०० युनिट फुकट", पण ते तसं नाही. २०२२-२३ मध्ये तुमचा महिन्याचा सरासरी वापर जेवढा होता त्यात १० टक्के मिळवायचे, तेवढी युनिटं फुकट. त्याच्या वर गेलात तर वरच्या युनिटांचे पैसे. आणि २०० ओलांडलेत तर अख्खं बिल भरायचं. त्या वर्षी मी कामासाठी इचलकरंजीला होतो आणि घरात आई एकटी. सरासरी पडली ७१. म्हणजे आमच्या वाट्याला ७८. आता घरात आम्ही चौघं, त्यातलं एक दीड वर्षाचं, तरी ७८च.

समोरच्या बिल्डिंगमध्ये त्याच वर्षी तिन्ही खोल्यांत टीव्ही चालू असायचे, त्यांना १६० च्या पुढं मिळतात. पंगतीत काल तू अर्धीच पोळी खाल्लीस म्हणून आज अर्धीच वाढणार, असला हा न्याय. काटकसर केली त्याच्या पानात कमी. मला फुकट नको असं मी म्हणत नाही, महिन्याला वाचलेले पैसे आईच्या गोळ्यांना जातात. पण वाढपी जरा पान बघून वाढणारा असावा की नाही?

तर प्रश्न असा: शेगडी वापरावी का, आणि मित्र म्हणतो तसं सोलर घालावं का? की आईचंच बरोबर?

नुसता वाचक
आईचंच बरोबर. धागा बंद करा. :)

खानापूरचा पाऊस
शिडी काकूंकडं ठेवणं हा मास्टरस्ट्रोक आहे. माऊलीला दंडवत.

निपाणीकर
धोटाभाऊ, एक दुरुस्ती. २०२४ च्या सुरुवातीला अगदी कमी वापरवाल्यांना १० टक्क्यांऐवजी सरळ १० युनिटं वाढवून दिली होती. म्हणजे तुम्ही म्हणता तो अन्याय सरकारलाही दिसला होता, पण तुमची सरासरी त्याच्या वर.

दुसरं म्हणजे ७८ ची भीती बाळगायचं कारण नाही. समजा ९६ गेले. १८ युनिटांचेच पैसे लागतील. २०२५-२६ च्या दरपत्रकात घरगुती दर एकच होता, ५ रुपये ८० पैसे, त्यावर युनिटमागे ३६ पैसे वीज कर्मचाऱ्यांच्या पेन्शन-ग्रॅच्युइटीचे आणि वर कर. शे-सव्वाशेचा मामला. भीती बाळगायची ती २०० ची. पूर्वी १०० ओलांडले की सगळ्याच युनिटांना ७ रुपये लागायचे, त्याचा धसका अजून लोकांच्या मनात आहे. ते २०२४ मध्ये गेलं.

धोटा
निपाणीकर, हे सगळं आईला सांगून झालं. तिचं म्हणणं, "शून्याच्या जागी एक रुपया जरी आला तरी ते बिल आलं." तिला पैशाचं नाही, शून्याचं पडलंय.

सीमापार सून (शिनोळी)
हा धागा वाचून हसू पण आलं आणि जळफळाट पण झाला. माझं माहेर तुमच्या बाजूला, सासर महाराष्ट्रातल्या शिनोळीत. मध्ये फक्त सीमेची कमान. माहेरी शून्य बिल, आणि इथं महावितरणचं बिल आलं की सासरे आधी खुर्चीत बसतात, मग उघडतात. इकडं टप्प्यांचा दर. १०० च्या आत बरं असतं, १०० ओलांडले की पुढच्या प्रत्येक युनिटाला चांगलाच चटका. एकाच पावसात, एकाच वाऱ्यात भिजणारी दोन गावं, पण भाऊ रक्षाबंधनाला आला की मी पंखा बंद करते आणि तो म्हणतो, "ताई, असू दे की चालू."

म्हणूनच आम्ही गेल्या वर्षी २ किलोवॅटचं सोलर घातलं. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून ६० हजार अनुदान खात्यात आले. किलोवॅटला ३० हजार, दोन किलोवॅटपर्यंत. तीन किंवा जास्त घातलं तर ७८ हजार, त्याच्या वर वाढत नाही. मे महिन्यात दिवसाला ९ युनिटं येत होती. मी ॲप उघडून आलेख बघत बसायचे, सासूबाई म्हणायच्या, दुधाच्या पातेल्याकडं बघ तेवढं.

आणि जुलैत? तीन. एक दिवस तर एकच्या खाली. विकणाऱ्यानं हे काही सांगितलं नव्हतं, त्याच्या कागदावर बाराही महिने ऊनच होतं.

खानापूरचा पाऊस
"त्याच्या कागदावर बाराही महिने ऊनच होतं." ताई, हे फ्रेम करून लावतो. आमच्याकडं जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, तिथं सोलरवाला परवा येऊन गेला. मी त्याला म्हटलं, पाण्यावर चालणारं काही असेल तर सांग.

उद्यमबाग फिटर
जरा हिशेबाचं बोलतो, चूकभूल द्यावी घ्यावी.

आधी शेगडी. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटं विजेएवढी उष्णता असते. पण गॅसच्या आचेतला तिसरा हिस्सा पातेल्याच्या कडेनं हवेत जातो. इंडक्शनमध्ये भांडंच तापतं, वाया कमी. हे सगळं धरून एक सिलिंडर म्हणजे इंडक्शनवरची १३५-१४० युनिटं. पूर्ण दरानं वीज घेतली तर कर धरून नऊशे ते साडेनऊशे रुपये होतात. म्हणजे सिलिंडरच्याच आसपास. विकत घेऊन चालवायची तर इंडक्शन ना स्वस्त ना महाग. फुकटच्या युनिटांत बसली तर चांदी. धोटाभाऊंच्या ७८ मध्ये जागा किती उरलीय हा खरा प्रश्न.

आता सोलर. धोटाभाऊ, स्पष्ट सांगतो, तुमचं बिल शून्य असताना दीड-दोन लाख छतावर टाकून वाचवणार काय? केंद्र म्हणतं सोलर घाला, अनुदान देतो. राज्य म्हणतं बिलच नको भरू. दोघंही चांगल्या मनानंच देतात, पण एकाचं औषध दुसऱ्याच्या औषधाला मारतं. सूनबाईंच्या घरात ते लागू पडतं कारण तिथं बिल बोचतं.

आणि एक गोष्ट विकणारे मुद्दाम सांगत नाहीत. साधं ग्रिडला जोडलेलं सोलर घेतलंत तर करंट गेला की तेही बंद पडतं, बाहेर टळटळीत ऊन असलं तरी. ते मुद्दाम तसं केलेलं असतं. वर खांबावर लाईनमन काम करत असेल आणि तुमच्या छतावरून तारेत वीज गेली तर त्याचा जीव जाईल. लोकांना वाटतं सोलर घातलं म्हणजे इन्व्हर्टर मिळाला. तसं नाही. बॅटरीवालं हायब्रीड पाहिजे, त्याचा खर्च वेगळा.

सीमापार सून (शिनोळी)
फिटरदादा, हे आम्हाला पहिल्यांदा लाईट गेली तेव्हा कळलं. सासरे छतावर जाऊन पॅनेल पुसत होते.

कडोलीचं रताळं
तुमी शेगडीचं काय बोलूलाल्यात, आमच्या पंपाचं बोला की जरा. आमाला पण फुकटच हाय, १० एचपीपर्यंत. पण फुकटचं कवा येतंय? रात्री. थ्री फेज सात तास म्हणत्यात, त्यातले निम्मे आमी झोपल्यावर. आदी बॅटरी घेऊन बांदावरनं जायाचं, साप-किरडू बगत. आता मोबाईल स्टार्टर बशिवलाय. घरात पांघरुणात पडून मिस कॉल द्यायचा, पंप चालू. येकच गोस्ट वाईट. सगळ्यांनी ऑटोवर टाकून ठेवल्यात. रात्री करंट आला की त्या टीसीवरचे, म्हंजे ट्रान्सफॉर्मरवरचे, सगळे पंप येकाच झटक्याला उटत्यात. टीसी किती सोसंल? गेल्या उनाळ्यात आमचा टीसी दोनदा जळला. आट दिवस ऊस वाळला, फोन मातर चार्ज हुता.

उद्यमबाग फिटर
रताळेबुवा, लाखातलं बोललात. मोटर उठताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, वीस मोटरी एकदम उठल्या की काय होणार. बहुतेक स्टार्टरमध्ये उशिराची सेटिंग असते. एकानं दोन मिनिटं ठेवायची, दुसऱ्यानं चार, तिसऱ्यानं सहा. गावात बसून वाटून घ्या. कपॅसिटर पण बसवा, काढून ठेवलेत असतील सगळ्यांनी.

कडोलीचं रताळं
वाटून घ्यायला बसलो हुतो. पयला नंबर कुणाचा यावरनं भांडान झालं.

सीमापार सून (शिनोळी)
तुम्ही टीसी म्हणता तोच आमच्याकडं डीपी. जळतो तसाच.

नुसता वाचक
मला वेगळंच विचारायचंय. आमच्याकडं नवीन मीटर बसवला तेव्हापासून तो पळतोय अशी बायकोची खात्री आहे. तिकडं महाराष्ट्रात स्मार्ट मीटरवरून केवढा गदारोळ झाला. हे मीटर खरंच पळतात का?

उद्यमबाग फिटर
पळतो की नाही ते पाच मिनिटांत कळतं, कुणाला विचारायला नको. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो ना, त्याच्या शेजारी आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर ३२००. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकलं की एक युनिट. घरातलं सगळं बंद करा, फ्रिज, राऊटर, देव्हाऱ्यातला झिरो बल्ब, सगळं. मग फक्त १००० वॅटची इस्त्री लावा आणि घड्याळ बघून मिनिटभर मोजा. ५३ च्या आसपास लुकलुकला तर मीटर सज्जन आहे. ६५-७० दिसले तर तक्रारीला दम आहे. इस्त्री तापून मध्येच बंद होते, त्यामुळं थंड असताना लगेच मोजायचं. आणि हो, मोजताना दोन माणसं ठेवा. एकट्यानं मोजलं तर घरात कुणी विश्वास ठेवत नाही.

सीमापार सून (शिनोळी)
आमच्याकडच्या वादाचं सांगायचं तर लोकांना भीती प्रीपेडची होती, मोबाईलसारखा बॅलन्स संपला की अंधार. सामान्य ग्राहकांना प्रीपेड नाही, असं २०२४ मध्ये जाहीर झालं. आता जे स्मार्ट मीटर बसतात ते पोस्टपेड. त्यात २०२५ च्या जुलैपासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या युनिटांना ८० पैशांपासून सवलत. म्हणून मी वॉशिंग मशीन दुपारी लावते. नोकरी करणाऱ्या बाईनं काय करावं हे कुणी सांगितलेलं नाही. मशीन लावायला रजा घ्यायची का?

बाराखडी मास्तर
वरचे सगळे प्रतिसाद वाचले. एक मूळ मुद्दा कुणी काढला नाही. बिलावर लिहिलेलं किती जणांना वाचता येतं? माझ्याकडं वाड्यातली पाच-सहा वयस्कर माणसं दर महिन्याला बिलाचा तो लांबट कागद घेऊन येतात, "मास्तर, बगा शून्यच हाय न्हवं?" बिल कन्नडमध्ये. आता नातवंडं मोबाईलचा कॅमेरा धरून मराठीत करून देतात, पण मोबाईल कधी कधी थकबाकीच्या जागी असं काही लिहितो की आजोबांना घाम फुटतो. शिवाय तो कागद असा की महिनाभरात अक्षरं उडतात. तक्रार करायला जावं तर हातात कोरी पट्टी. तेव्हा बिल आल्याबरोबर फोटो काढून ठेवा, हे सगळ्यांना सांगणं.

भाषिक अल्पसंख्य १५ टक्क्यांच्या वर असतील तिथं त्यांच्या भाषेत सरकारी कागद मिळावेत, ही तरतूद आजची नाही. आपल्या भागात ती कागदावर राहिली.

पण मास्तर म्हणून दुसरीही बाजू सांगतो, रागावू नका. एका रविवारी मी आमच्या आजोबामंडळींना कन्नड अक्षरं लावून वाचायला शिकवली. अर्ध्या तासात त्यांच्या लक्षात आलं की बिलावरचे बरेच शब्द घरचेच आहेत. विद्युत. दिनांक. बाकी. एक आजोबा म्हणाले, "आयला, बाकी म्हंजे बाकीच व्हय!" चाळीस वर्षं त्यांनी ती अक्षरं नुसती बघितली होती.

निपाणीकर
मास्तर, शिकायला हरकत नाही, पण हक्क सोडायचा का? आज बिल, उद्या सातबारा. १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातल्यापासून हेच ऐकतोय आपण.

बाराखडी मास्तर
हक्क सोडा असं कुठं म्हटलं? मागणी मराठीत करा, बिल तोवर वाचा.

धोटा
मालक लोकहो, हात जोडतो. १ नोव्हेंबरला, काळ्या दिनी, सीमाप्रश्नाचा वेगळा धागा काढू, मी पहिला लिहीन. इथं आई आणि शेगडी एवढंच राहू द्या.

खानापूरचा पाऊस
(अवांतर) लाईट गेल्यावर काय चालतं तेही सांगा कुणीतरी. पावसात आमचं दिवस-दिवस नसतं. १५० एएचची बॅटरी, दोन पंखे, चार दिवे. रात्री दोनला टुंटुं करायला लागते.

उद्यमबाग फिटर
पंखे बदला. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी मोटरचा नवा पंखा २८-३५. बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास, हाताला हजार-बाराशे लागतात. दोन जुने पंखे म्हणजे दीडशे वॅट, वर दिवे, सहा-सात तासांत कारभार आटोपतो. पंखे बदललेत तर त्याच बॅटरीवर सकाळचा चहा होईपर्यंत झोपाल. आणि पाणी बघा बॅटरीतलं. घालायचं ते डिस्टिल्ड, विहिरीचं नव्हे. हसू नका, बघितलंय मी.

खानापूरचा पाऊस
विहिरीचं नव्हतं हो. पावसाचं होतं.

धोटा
पंधरा दिवसांनी लिहितोय, माफी असावी. निकाल सांगतो.

फिटरदादांनी सांगितलेली परीक्षा केली. आई घड्याळ घेऊन, मी दिवा मोजायला. ५४. आई म्हणाली, "बघ, मीटर आपल्यापेक्षा प्रामाणिक." मग आम्ही सगळे दोन दिवस सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला गेलो. घरात फक्त फ्रिज चालू. जाताना आईनं आकडा लिहिला, आल्यावर चप्पल काढायच्या आधी परत बघितला. दोन दिवसांत तीन युनिटं! कुणी दार न उघडता! म्हणजे आमच्या रोजच्या अडीचातली दीड युनिटं एकटा फ्रिज खातोय.

दाराच्या फटीत दहाची नोट धरून दार लावलं आणि ओढली, तर लोण्यातून सुरी निघावी तशी आली. रबर गेलेलं. बारा वर्षांचं ते रबर, त्याला आम्ही रोज खडखडीत दार आपटून बंद करायचो. गणपत गल्लीतून माणूस आणून नवं बसवलं. आता नोट फाटेल पण निघत नाही. कॅलेंडरवर दिवसाला १.९, १.८ असं दिसायला लागलंय. म्हणजे महिन्याला १८-२० युनिटांची जागा झाली, ती पण त्याच ७८ मध्ये.

शेगडी माळ्यावरून खाली आली. अट अशी की तिच्यावर फक्त चहा आणि बाळाचा मऊभात. आमटीला गॅस. सोलरचा विचार सोडला, मित्राला राग आलाय.

वाढप्याबद्दलचं माझं मत मात्र तेच. रबर मी बदललं, पान अजून तेवढंच.

निपाणीकर
नोटेची युक्ती भारी. आत्ताच करून बघितली. आमची पण आली हातात.

सीमापार सून (शिनोळी)
अभिनंदन! आईंना माझा नमस्कार सांगा.

धोटा
सांगितला. सगळा धागा मोठ्यानं वाचून दाखवला तिला. सोलर, स्मार्ट मीटर, १५ टक्के, सगळं ऐकून घेतलं. शेवटी एकच विचारलं, "ती शिनोळीची पोर कुणाची?"

सीमापार सून (शिनोळी)
उचगावची. मळेकरणीच्या देवळाकडं जाताना डाव्या हाताला, पूर्वी पिठाची गिरण होती ते घर.

धोटा
आई म्हणते गिरणीचं घर म्हणजे तिच्या मावसबहिणीच्या नणंदेचं. फोन नंबर व्यक्तिगत निरोपात टाका, तिला बोलायचंय. मीटरबद्दल नाही.